राहिलेलं कुर्र

१

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. हिरूला ही वेळ पक्की ठाऊक, कारण बंगल्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम तिच्याकडेच होतं. उंबरमाळावर घड्याळ वाचता येणारी बाई ती एकटी. सवाचारला पाहुण्यांचा चहा बाहेरच्या ओट्यावर जायचा, म्हणून ती सारखी मान वर करून काटे बघत होती आणि एका हातानं किटलीत गवती चहा मोडून टाकत होती.

साल पंचेचाळीसचं, महिना चैत्राचा. उंबरमाळ म्हणजे कोंडाण्याच्या लेण्यांच्याही वर, दोन तासांच्या चढणीवरची पंधरा घरांची वाडी. मुंबईच्या एका शेठनं तिथं कड्याजवळ पाच खोल्यांचा बंगला बांधला होता. बेचाळीस साली बॉम्ब पडणार म्हणून मुंबई रिकामी व्हायला लागली, तेव्हापासून बंगल्यावर माणसं यायला लागली ती थांबलीच नाहीत. कर्जतला गाडीतून उतरायचं, दहिवलीवरून बैलगाडीनं कोंडाण्यापर्यंत यायचं आणि तिथून पायी नाहीतर डोलीत बसून वर. हवा खायची, लेणी बघायची आणि चारच्या सुमाराला कड्यावर जाऊन हाक ऐकायची. समोरचा डोंगर प्रत्येक हाक तीनदा परत द्यायचा. पाहुणे त्या जागेला एको पॉइंट म्हणत. वाडीतली माणसं म्हणत, हाकेचा दगड.

बंगल्याची रखवाली हिरूचे सासरे कोंडाजी करायचे. सासू भागूबाई रांधायची, नवरा सहदेव पाहुण्यांना हिंडवायचा. हिरू वरचं सगळं बघायची, आणि तिचा लेक नामा कोठीच्या खोलीतल्या पाळण्यात असायचा.

त्या दिवशी दादरचे एक मास्तर बायको-मुलांना घेऊन आले होते. सहदेवनं दगडावर उभं राहून मास्तरांच्या बायकोच्या नावानं हाक घातली.

"इंदूबाई ऽ ऽ"

डोंगरानं दिली परत, "इंदूबाई". मग थोडी बारीक, "इंदूबाई". पोरांनी टाळ्या वाजवल्या. हिरूनं सवयीनं तिसरीची वाट पाहिली.

तिसरी आली ती अशी: "कुर्र ऽ ऽ"

हिरूचा हात किटलीवरच थांबला. बाहेर पोरं हसत होती, मास्तर पुढची हाक सांगत होते. कुणाला काही वेगळं वाटलेलं दिसत नव्हतं. कोठीच्या खोलीत पाळण्याची कडी एकदा करकरली. हिरू दारात गेली. नामा पाळण्यात उठून बसला होता. त्यानं मान वाकडी करून उजवा कान खिडकीकडे धरला होता आणि तो हसत होता.

यात घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण नामा वर्षाचा झाला तरी स्वतःच्या नावाला ओ देत नव्हता. मागून हाक मारा, थाळा वाजवा, मान वळायची नाही. पोर बहिरं आहे या धास्तीनं हिरूनं कित्येक महिने नीट जेवण केलं नव्हतं. कर्जतच्या वैद्यांनी कान तपासून सांगितलं होतं की कानात काही दोष नाही, त्याला ऐकायचं नसेल.

आज त्यानं ऐकलं होतं.

२

हिरूनं दहिवलीत सातवी केली होती. तिथं मास्तरांनी प्रतिध्वनीचा धडा शिकवला होता: आवाज कड्यावर आपटतो आणि परत येतो. जो जातो तोच येतो. भिंतीवर चेंडू मारला तर आंबा परत येत नाही, असं मास्तर म्हणाले होते आणि सगळा वर्ग हसला होता. ते वाक्य हिरू त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना मनात घोळवत राहिली.

"आई, तुमी ऐकलं का चार वाजता?" तिनं सासूला विचारलं.

"काय?"

"कुर्र असं."

भागूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "होला असंल. आंब्यावर बसतो."

"होला घुमतो. ह्ये तसं नव्हतं. बारशाला करतात तसं व्हतं."

"तुला बारशाचंच सुचायचं," भागूबाई म्हणाली आणि उठून पाणी आणायला गेली. हंडा भरलेलाच होता.

बारशाचं सुचायला कारण होतं. सहदेवची धाकटी बहीण सुंदरा मागल्या चैत्रात हाकेच्या दगडावरून पडून गेली, ती नामाच्या बारशाच्या आदल्या दिवशी. आधी पाहुण्यांसाठी हाक तीच घालायची. तिच्यासारखा आवाज वाडीत कुणाचा नव्हता. दगडावर पायाची बोटं रोवून ती पुढं झुकायची, हात तोंडाशी धरायची, आणि तिनं घातलेली हाक तीनदा नाही तर कधीकधी चारदा यायची. पाहुणे तोंडात बोट घालायचे.

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं, आणि त्याच वेळी बाकीच्या बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालायचे. सुंदरा अकरा दिवस त्याच आनंदात होती. कर्जतच्या बाजारातून बारशासाठी तिनं हातभर हिरव्या बांगड्या भरून आणल्या होत्या.

"नाव काय ठेवनार ते तरी सांग गं," बाळंतिणीच्या खाटेवरून हिरू म्हणायची.

"बारशाला कळंल, वयनी. आताच सांगितलं तर कुर्र कशाचं करू? आनि धपाटे हळू घाला हां. पाठ मऊ करून ठिवलीय."

अकराव्या दिवशी ती कड्यावर गेली आणि परत आली नाही. पाय घसरला, असं हिरूला सांगण्यात आलं. सुतक संपल्यावर चुलत नणंद जना येऊन कुर्र करून गेली आणि पंजोबांचं नाव ठेवलं, नामा. त्या बारशाला कुणी कुणाच्या पाठीत धपाटा घातला नाही. शेठनं दगडाच्या अलीकडे चुन्याची एक रेघ मारून घेतली, आणि पाहुणे येत राहिले.

३

दुसऱ्या दिवशी मास्तरांची मंडळी सकाळीच सामान घेऊन उतरली; लेणी बघून तिकडूनच ती घरी जाणार होती. सहदेव त्यांच्याबरोबर, सासरा खाली कोंडाण्यात सामान आणायला, सासू मळ्यात. बंगल्यात हिरू आणि पोर, दोघंच.

चारला दहा कमी असल्यापासून ती घड्याळाखाली उभी होती. कड्यावर कुणी नाही, हाक घालणारं कुणी नाही, तेव्हा परत काय येणार. चेंडूच मारला नाही तर काय. तिनं हे स्वतःला दोनतीनदा समजावलं.

चार वाजून दहा मिनिटं झाली. बाहेर ऊन अगदी पांढरं होतं. आंब्यावर होला नव्हता, तिनं मुद्दाम बघितलं होतं.

"कुर्र ऽ ऽ"

दरीतून नाही. कोठीच्या खोलीतून.

मधलं अंतर सात पावलांचं. ती पोचली तेव्हा पाळणा झोके घेत होता, मोठे झोके, कुणीतरी आत्ताच दोरी सोडल्यासारखे, आणि पाळण्यात पोर नव्हतं. मागचं दार उघडं होतं. ते दार सकाळी तिनं स्वतः लावलं होतं.

नामा रांगत चुन्याच्या रेघेपर्यंत पोचला होता. हिरू पळाली. हाक मारायचं तिला सुचलं, पण कुठल्या नावानं मारायची? नामा म्हटलं तर तो ओ देत नव्हता. तिनं तोंड मिटून पळत जाऊन त्याचा पाय पकडला, तेव्हा त्याचे दोन्ही हात रेघेपलीकडे होते. त्यानं उजवा कान दरीकडे धरला होता. मागं ओढलं तसं तो रडला, अंगावरचं दूध तोडलेलं पोर रडतं तसं.

घरात आल्यावर तिनं त्याच्या उजव्या कानाला हात लावला. कान ओला होता, कुणी अगदी जवळ तोंड नेऊन बोललं म्हणजे होतो तसा.

४

सहदेव परत आला तेव्हा उजेड अजून होता. तो ओट्यावर बसून राखेनं किटली घासत होता. हिरू पोराला पाठीशी बांधून त्याच्यासमोर उभी राहिली.

"सुंदरा कशी पडली?"

"तुला म्हाईत हाय. पाय घसरला."

"डोक्यावर हंडा घेऊन उतरनीवर पळायची ती."

"घसरतो कदी."

"मागं कोन उभं व्हतं?"

सहदेवची घासणारी बोटं थांबली नाहीत, पण ती एकाच जागी फिरायला लागली.

"आज पोर रेघेपलीकडं गेलं व्हतं," हिरू म्हणाली. "ती बोलावतीय त्याला. तिचं कुर्र राहिलंय. मला सांगा, नायतर मी पोराला घेऊन आत्ता दहिवलीला चालली. परत येनार नाय."

"हळू बोल, बा ऐकंल."

"ऐकू दे."

तेव्हा त्यानं सांगितलं. मान खाली घालून, किटलीला सांगावं तसं.

"हसरे साहेब व्हते. सुंदरानं त्यास्नी सांगितलं, उद्या माज्या भाच्याचं बारसं हाय. ते म्हनले, म्हंजे उद्या पाठीत धपाटे खानार तू. ती म्हनली व्हय. मंग ती वाकली हाक घालायला. ते मागून आले आनि म्हनले, घे, पयला आमचा." सहदेव थांबला. "गमतीत, हिरू. वाईट मनात नव्हतं त्यांच्या. लय जोरात बी नव्हता."

"तुमी कुठं व्हता?"

"दहा पावलांवर."

"आनि तुमी पाटलास्नी सांगितलं, पाय घसरला."

"बानं सांगितलं. बंगला बंद झाला असता. शेठनं आमास्नी काढलं असतं. जायचं कुठं? साहेब बी रडले तवा. लय रडले."

"मंग?"

"मंग दोन दिवसांनी गेले," सहदेव म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "उद्या येत्यात."

५

हसरे साहेब हे काही त्यांचं नाव नव्हतं. मुंबईत कुठल्याशा कचेरीत ते मोठ्या हुद्द्यावर होते, आणि सारखे हसत म्हणून वाडीनं त्यांना हे नाव ठेवलं होतं. माणूस खरंच वाईट नव्हता. डोलीत बसायचे नाहीत, चालत यायचे, डोलीवाल्यांना आपल्यातली बिस्किटं द्यायचे. बोलताना समोरच्याच्या पाठीत थाप मारायची त्यांना खोड होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तीन मित्रांना घेऊन ते वर आले. आल्या आल्या त्यांनी कोंडाजीच्या पाठीत थाप मारली.

"काय कोंडाजी, म्हातारे झालात की हो."

"आपल्या कृपेनं साहेब," कोंडाजी म्हणाले आणि हसले. हिरू दाराआडून बघत होती. सासऱ्याचं ते हसू बघून ती आत वळली.

जेवताना साहेब मित्रांना सांगत होते, "संध्याकाळी तुम्हाला एको ऐकवतो. मागच्या वर्षी इथं एक पोरगी होती हाक घालायला. काय आवाज होता. फार वाईट झालं बिचारीचं, पाय घसरला." त्यांनी वरणात भात कालवला. "काय बरं तिचं नाव होतं, सहदेव?"

सहदेव ताक वाढत होता. तो भांडं घेऊन पुढच्या पानाकडे सरकला.

"असू दे, आठवेल," साहेब म्हणाले.

हिरू पानात मीठ वाढायला वाकली होती. ती आत आली आणि कोठीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली. पाय घसरला, हे तो माणूस या घरानं रचलेलं खोटं म्हणून सांगत नव्हता. त्याला ते खरं वाटायला लागलं होतं. वर्षभरात त्याच्या मनातली ती थापसुद्धा पुसली गेली होती. आणि जिला थाप बसली तिचं नावही.

पाळण्याची कडी करकरली. नामा झोपला होता. झोपेत त्याचा उजवा कान वर होता.

हिरू पाळण्याकडे बघून हळूच म्हणाली, "पोर दे मला, सुंदरा. बाकी तुजं तू बघ. मी मधी येनार नाय."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हिरूचे हात हललेले नव्हते. तरी काकणं वाजली, एकदाच, मान्य केल्यासारखी.

६

चार वाजता मित्रमंडळी ओट्यावर पत्ते मांडून बसली. चहा आधी हवा, एको मग, असं त्यांचं ठरलं. साहेबांना दम निघत नव्हता. "चला सहदेव, आपण पुढं होऊ," ते म्हणाले.

"यांचा घसा बसलाय साहेब," हिरू पुढं होऊन म्हणाली. "मी दाखवते."

सहदेवनं तिच्याकडे बघितलं. पोराला पाळण्यात एकटं ठेवायची आता तिची तयारी नव्हती; त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरून ती चालायला लागली. तो मागं आला, आणि दहा पावलं उरल्यावर थांबला. कुणी तिथं खुंटी मारून ठेवल्यासारखा तो नेमका त्याच जागी थांबला.

साहेब चुन्याची रेघ ओलांडून दगडावर गेले. त्यांनी स्वतःच हात तोंडाशी धरून हाक घातली, "कोण आहे रे तिकडे ऽ ऽ"

काही परत आलं नाही.

एकदाही नाही. आवाज दरीत गेला आणि कापसात सुई जावी तसा गेला. हिरूला वाटलं, बोलणं थांबवून कुणी नीट ऐकायला लागलं की असं होतं.

साहेब वळून हसले. "हे काय? डोंगर रुसला वाटतं."

मग खालून, फार खालून आलं. "कुर्र ऽ ऽ"

हिरूच्या हातांत नामा ताठ झाला. त्यानं अंग झोकून दिलं, दरीकडे, असं की तिला त्याला आवळून धरावं लागलं. पुन्हा आलं, जवळून. त्याच्या पायांनी तिच्या पोटावर लाथा मारल्या. एवढ्याशा जिवात एवढा जोर कुठून आला ते तिला कळेना. तिचे दंड भरून आले. अजून एक आलं तर हात सुटणार, हे तिला स्पष्ट कळलं.

"कबुतर आहे का काय?" साहेब म्हणाले.

या वेळी हिरूला बोलायचं नसतं तर ती गप्प बसू शकली असती. ते नंतर तिनं स्वतःपाशी कितीदा तरी कबूल केलं.

"साहेब, तसं नाय ऐकू येत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा निघाला, चहात साखर किती विचारावी तसा. "जरा वाकावं लागतं. उजवा कान पुढं करा."

ते वाकले. हसत वाकले, डोक्यावरची सोलाटोपी एका हातानं धरून.

हिरूच्या मागं काकणं वाजली.

"सर गं, वयनी."

आवाज ओळखीचा होता. रागाचासुद्धा नव्हता. पाणवठ्यावर हंडा भरून झाल्यावर मागची बाई म्हणते तसं कुणीतरी म्हणालं. हिरू एक पाऊल बाजूला सरली. मान वळवायची नाही असं तिनं ठरवलं होतं, पण डोळ्याच्या कडेनं जे दिसायचं ते दिसलं: एक हात. कोपरापर्यंत लाल मातीचा. मनगटावर हिरव्या बांगड्या भरलेल्या, आणि त्यांतली एकही सबंध नव्हती. पंजा उघडा होता.

धपाटा हलकाच होता. बारशाला बायका हसत मारतात तेवढाच.

साहेब ओरडले नाहीत. टोपी दगडावर राहिली. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग समोरच्या डोंगरानं ते परत दिलं. धप. जरा बारीक, धप. त्याहून बारीक, धप.

नामाचं अंग सैल पडलं. त्याच्या उजव्या कानाशी कुणीतरी वाकलं, हिरूच्या गालाला वारा लागला, त्याला ओल्या मातीचा वास होता. एक नाव सांगितलं गेलं. हिरूनं ते ऐकलं.

"ओ," नामा म्हणाला. त्याच्या आयुष्यातला तो पहिला शब्द.

७

पोलीस पाटील नागू दुसऱ्या दिवशी सकाळी वर आले. कागद मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. मित्रमंडळींनी सांगितलं की ते पत्त्यात होते, त्यांनी काही पाहिलं नाही. त्यांचे चेहरे पांढरे पडले होते आणि त्यांना लवकर निघायचं होतं.

"कसं झालं?" पाटलांनी विचारलं.

"पाय घसरला," कोंडाजी म्हणाले. ते त्या वेळी गोठ्यात होते.

"पाय घसरला," सहदेव म्हणाला.

पाटलांनी हिरूकडे पाहिलं. "बाई, तू जवळ व्हतीस म्हनं."

हिरूच्या मांडीवर पोर खेळत होतं. रात्रभर तिनं ठरवलं होतं की खरं ते सांगायचं. पण खरं म्हणजे काय सांगायचं? हात दिसला हे? की, कान पुढं करा, असं मी म्हणाले, हे? आणि सुंदराचं सांगायचं तर नवरा आणि सासरा दोघांना पाटील आत्ताच खाली नेतील.

"व्हय," ती म्हणाली. "पाय घसरला."

जिभेवर ते शब्द इतके सोपे आले की तिलाच नवल वाटलं. घरात आधीपासून कुणीतरी वापरून गुळगुळीत केलेले शब्द ते.

"वेळ?"

"चार वाजून दहा मिनिटं."

पाटील लिहिता लिहिता थांबले. त्यांनी टोपी मागं सारून डोकं खाजवलं. "गेल्या साली बी हीच लिवली व्हती मी," ते म्हणाले. मग कोंडाजींनी चहाचा कप पुढं सारला, आणि पाटलांनी खाली सही केली.

८

पोर वाचलं. त्या दिवसापासून ते कड्याकडे गेलं नाही. आत्यानं सांगितलेल्या नावानं हाक मारली की हसत ओ देतं, धावत येतं. ते नाव इथं लिहायचं नाही, ते हिरूचं आणि त्याचं आहे. भागूबाईनं एकदा ते ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. लहानपणी सुंदरा आपल्या बाहुल्याला त्याच नावानं हाक मारायची.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

आषाढ लागायच्या आधी एका दुपारी हिरू कोठीत तांदूळ पाखडत होती. पाहुणे नव्हते, कड्यावर कुणी नव्हतं. घड्याळाला किल्ली देणं तिनं सोडलं होतं, तरी तिला वेळ कळली, कारण आंब्याच्या सावलीनं उंबऱ्याला टेकायची वेळ तिला ठाऊक झाली होती.

दरीतून कुणीतरी हसलं. पुरुषाचं हसू, मोकळं, खाली बसलेल्या मित्रांना बोलावताना हसतात तसं. मग दुसऱ्यांदा, जवळून. तिसऱ्यांदा ते हसू मागच्या दाराशी आलं.

पोर दारात चिंध्यांच्या घोड्याशी खेळत होतं. त्यानं घोडा टाकला आणि वर बघितलं. दरीकडे नाही. आईकडेही नाही. आईच्या मागं, तिच्या पाठीकडे. आणि कुणी ओळखीचं दिसल्यावर पोरं हसतात तसं ते हसलं.

हिरूनं सूप खाली ठेवलं आणि हळूहळू, पायांनी चाचपत, मागं सरकून भिंतीला पाठ लावली. तेव्हापासून ती अशीच राहते. विहिरीवर जाते ती कठड्याला पाठ लावून पाणी शेंदते. चुलीपाशी बसते ती कोपऱ्यात. सहदेव विचारतो, काय गं, थंडी वाजते का, आणि ती म्हणते व्हय. सहदेवही आता दाराकडे पाठ करून जेवत नाही.

उंबरमाळावर अजून माणसं जातात. जागा आहेच तशी. हवा गार, समोर सगळी दरी, खाली धुक्यात कोंडाणं. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल, कुणाचे पाहुणे, कुणाचे आप्त जाणार असतील, त्यांच्या कानावर एवढं घाला. दगडावर उभं राहून हाक घालू नये. घातलीच, आणि तिसऱ्यांदा दुसरं काही परत आलं, तर वाकून ऐकू नये. बरोबर आलेल्याच्या पाठीत गमतीनंसुद्धा हात मारू नये.

आणि तिथं कुणाचा पाय घसरला असं कुणी सांगितलं, तर मान हलवून गप्प बसू नका. मागं कोण उभं होतं, ते विचारा. समोरच्याला उत्तर देणं भाग पडेल असं विचारा.

हिरूला अजून कुणीच विचारलेलं नाही.